भेटीच्या माळावर काहीच नाही

"बांधकामाचा प्रकार निवडा," टॅबलेटवर आलं. मी काही निवडत नव्हते, म्हणून तो पुढं सरकत नव्हता.

यादीत मंदिर होतं, मशीद, दर्गा, समाधी, वीरगळ, बारव, झाडाचा पार होता. सगळ्यात शेवटी 'इतर बांधकाम'. मी 'इतर' दाबलं. लगेच खाली नवा चौकोन उघडला: लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये भरा. मी शून्य, शून्य, शून्य भरलं. टॅबलेटनं लाल अक्षरांत कळवलं की शून्य चालणार नाही.

होळी होऊन आठवडा झाला होता. दुपारचं ऊन, उघडा माळ. शेजारी बापूभाई मुलाणी उभे होते. वय पंचाहत्तरच्या पुढं, डोक्याला पांढरा पटका, हातात काळी छत्री. ती छत्री त्यांनी स्वतःवर न धरता माझ्या टॅबलेटवर धरली होती, स्क्रीन दिसावी म्हणून.

"जमंना व्हय मॅडम?"

"हे विचारतंय, इथं काय आहे."

"काय न्हाई की."

"तेच तर लिहिता येत नाही, बापूभाई."

"मग कसलं वो यंत्र तुमचं?" ते म्हणाले.

माझं काम काय ते आधी सांगते. मी सांगलीच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. मग कंटाळून बाहेर पडले, आणि आता सल्लागार कंपन्यांसाठी सांस्कृतिक परिणामाचे अहवाल लिहिते. एखादा मोठा रस्ता किंवा धरण येणार असलं, की त्याच्या वाटेत लोकांच्या श्रद्धेच्या, सणावाराच्या, आठवणींच्या कुठल्या जागा येतात त्याची यादी करायची. रस्त्याच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना एक पट्टा आखून दिलेला असतो. त्याला बफर म्हणतात. त्या पट्ट्यात जे सापडेल ते टॅबलेटमध्ये भरायचं. भरलेलं वाचेलच असं नाही. पण जे भरलेलं नाही, त्याच्यावरून रोलर जाणार हे नक्की.

आताचा रस्ता सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या माळाला कापून जाणार होता. माळाच्या एका अंगाला सातारा जिल्ह्यातलं गाव, त्याला बेलखडी म्हणू. दुसऱ्या अंगाला सांगली जिल्ह्यातलं, त्याला ढवळठाण म्हणू. खरी नावं देत नाही, का ते पुढं कळेल. बेलखडीची देवी निनाई. ढवळठाणचा भैरोबा. दोघं बहीणभाऊ. वर्षातून एकदा, चैत्राच्या यात्रेला, दोन्ही पालख्या आपापल्या गावातून निघतात आणि या माळावर एकमेकींना भेटतात. बहिणीची ओटी भरतात, पालख्या एकमेकींभोवती तीनदा फिरतात, आणि दिवस मावळायच्या आत ज्या आल्या त्या वाटेनं परत जातात. भेट होते ती जागा आधी दोन्ही गावच्या बायका झाडून घेतात. अर्धी यांनी, अर्धी त्यांनी. भेट झाल्यावर नारळाची करवंटीसुद्धा मागं राहू देत नाहीत. तिथं दगड नाही, शेंदूर नाही, झेंडा नाही. बाहेरच्या माणसाला ती जागा दाखवली तर तो विचारेल, कुठली?

ती कुठली, हे ढवळठाणच्या मुलाण्यांच्या घराला ठाऊक. बापूभाईंच्या घराण्याचा मान एवढाच, की पालख्या यायच्या आधी त्या जागेवर जाऊन उभं राहायचं. पालख्या त्यांच्याकडं बघून चालत येतात. त्यांच्या वडलांनी हे केलं, आज्यानं केलं. बापूभाई स्वतः विशीपासून उभे राहतायत.

टॅबलेटला हे काही सांगायची सोय नव्हती. वर जिल्हा निवडायचा होता, तोही एकच. मी तिथं उभी असताना लोकेशन कधी सातारा दाखवायचं, कधी सांगली. मी प्रोजेक्ट हेडना फोन लावला. सामंत त्यांचं नाव, पुण्यात बसतात, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान.

"मॅडम, स्ट्रक्चर नाही, बोर्ड नाही. मग आपण नोंदवतोय काय?"

"जागा."

"जागा म्हणजे वेकंट लँड. तो ऑप्शन पहिल्या पानावर आहे."

"ती रिकामी नाही. मुद्दाम मोकळी ठेवलेली आहे."

"मग वेकंट लँड टाका आणि रिमार्कमध्ये लिहा ना सगळं."

"रिमार्क वाचतं कोण?"

"कुणीच नाही," सामंत म्हणाले. "म्हणून तर तिथं काहीही लिहिलेलं चालतं."

मी फोन ठेवला. हा माणूस वाईट नाही. त्याच्यावर वरून दट्ट्या असतो. पण त्या वेळी मला टॅबलेट माळावरून खाली भिरकावून द्यावासा वाटला.

कॉलेजात मी दर वर्षी हाच विषय शिकवायचे. माझ्या नोट्स पिवळ्या पडल्या होत्या तरी बदललेल्या नव्हत्या. त्यात लिहिलं होतं की अंतर मोजता येतं, क्षेत्रफळ मोजता येतं, पण माणसं जिथं वागतात, वाट बघतात, भांडतात, समेट करतात, तिथं मोजमापाच्या वर काहीतरी साठत जातं. संस्कृतीचा अभ्यास करायचा तर नुसती माणसं आणि रीती बघून भागत नाही. ती रीत कुठं उभी आहे ते बघावं लागतं. तिथून हलवली तर ती तीच राहते का, हे विचारावं लागतं. परीक्षेत यावर हमखास दहा मार्कांचा प्रश्न असायचा. मुलं पाठ करून लिहायची आणि मी मार्क द्यायचे. आता तोच प्रश्न टॅबलेटनं मला विचारला होता आणि मी शून्य शून्य शून्य लिहून नापास झाले होते.

त्याच दिवशी चार वाजता बेलखडीच्या ग्रामपंचायतीत बैठक होती. यात्रा कमिटीचे अध्यक्ष सुभेदार आबा. फौजेतून निवृत्त, ताठ कणा, खिशाला पेन आणि हातात डायरी. गावात त्यांचं नाव कुणी घेत नाही, सगळे सुभेदार आबाच म्हणतात.

"मॅडम, प्रॉब्लेम काय हाय, क्लियर सांगा."

मी सांगितलं. यादीत जागा बसत नाही. बसली नाही तर रस्ता तिथून जाणार.

"मग फॉर्मला पायजे काय?"

सकाळपासून मी उन्हात होते. डोकं ठणकत होतं. समोर तिसरा चहा आला होता आणि तो पहिल्या दोनांपेक्षा गोड होता. मी वैतागून म्हणाले, "अहो आबा, नुसता एखादा कट्टा जरी असता ना तिथं, तरी मला एवढी डोकेफोड करावी लागली नसती!"

"कट्टा," आबा म्हणाले आणि त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

मी ते बघितलं होतं. मला वाटलं, बैठकीचा वृत्तांत लिहितायत.

पाचव्या दिवशी सकाळी फोनवर फोटो आला. माळावर सिमेंटचा कट्टा. वर चकचकीत फरशी, तीन बाजूंना स्टीलचं रेलिंग, पुढं दोन पायऱ्या. कट्ट्याच्या छातीवर काळ्या दगडाची पाटी: 'श्री निनाई भैरोबा भेट स्थळ. सौजन्य: समस्त ग्रामस्थ, बेलखडी.' फोटोखाली आबांचा मेसेज: 'मॅडम, स्ट्रक्चर रेडी. जय हिंद.'

मी कपाळाला हात लावला. मग, खरं सांगायचं तर, मला जरा बरंही वाटलं. आता नोंद होईल. एकदा नोंद झाली की बाकीचं समजावून सांगता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. माझी पहिली चूक बोलण्याची होती. दुसरी ही. पहिली वैतागात झाली होती. दुसरी मी चांगली खुर्चीत बसून, पंख्याखाली, विचार करून केली.

मी फॉर्म उघडला. 'इतर बांधकाम' निवडलं. लांबी, रुंदी, उंची भरली. टॅबलेट खूश झाला. जिल्हा सातारा, गाव बेलखडी, कारण पाटीवर तसंच होतं. फोटो जोडला. सबमिट. आणि सबमिट केल्यावर शेवटी एक पान आलं, जे आधी कधी दिसलंच नव्हतं. 'स्थलांतर शक्य आहे का?' त्याच्यापुढं 'होय' अशी खूण आपोआप झाली होती, कारण बांधकामाची उंची एका मीटरपेक्षा कमी होती. खाली लिहिलं होतं: 'दोनशे मीटरच्या आत पुनर्बांधणी प्रस्तावित.'

मी खूण काढायचा प्रयत्न केला. फॉर्म लॉक झाला होता.

सामंतांचा फोन आला. "सुंदर मॅडम! हे आधीच का नाही टाकलंत? आता कट्टा हलवून देऊ, दोन्ही गावं खूश, आपण खूश."

"कट्टा हलवता येतो हो. जागा कशी हलवणार?"

"कट्टा म्हणजेच जागा ना आता," सामंत म्हणाले. त्यांच्या बाजूनं ते बरोबर होतं. मीच तसं लिहून दिलं होतं.

संध्याकाळी बापूभाईंचा फोन. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम, औंदा मी उभा ऱ्हाणार न्हाई."

"का हो?"

"कुटं उभा ऱ्हाऊ? कट्ट्याव का कट्ट्याखाली?" ते म्हणाले. "आवं, कट्टा बेलखडीचा हाय. आमचा भैरोबा बेलखडीच्या कट्ट्याव चढला म्हंजी त्यो बहिणीच्या घरात गेला. मग पाव्हणा झाला. मग मान कुणाचा आदी, पाट कुणाला, पाणी कुणी द्यायचं, समदं आलं. निनाई आमच्याकडं आली आस्ती तरी तसंच. त्या माळाव कोण कुणाचं पाव्हणं न्हाई मॅडम. म्हणून तितं कवा भांडाण झालं न्हाई."

"मग आता?"

"गावानं ठरवलंय. पालखी देवळातनं काढायची न्हाई."

यात्रेला नऊ दिवस होते. मी रात्रभर तळमळले वगैरे नाही, चांगली झोपले. पण सकाळी उठल्या उठल्या गाडी काढली.

माळावर पोचले तर रस्त्याचा साइट इंजिनिअर पवार तिथंच होता. रहिमतपूरचा मुलगा, तिशीचा, कामाला चोख, बोलायला तुसडा. तीन पायांच्या स्टँडवर त्याचं टोटल स्टेशन उभं होतं. म्हणजे दुर्बिणीसारखं यंत्र, त्यातून बघून अंतर आणि कोन मोजतात. मी बापूभाईंनाही बोलावून घेतलं होतं. ते आले, पण कट्ट्याकडं बघत नव्हते. त्याला पाठ करून उभे राहिले.

"पवार, कट्टा कुठं हलवणार तुम्ही?"

त्यानं नकाशा बघितला आणि आम्हाला माळावरून उत्तरेकडं घेऊन गेला. दोनशे मीटर बरोबर मोजून थांबला. सपाट, स्वच्छ जागा. मला तर आधीच्यापेक्षा चांगली वाटली.

बापूभाई तिथं उभे राहिले. "मॅडम, हितनं निनाई दिसती का बगा."

मी बघितलं. मधे उंचवटा होता. बेलखडीचं देऊळ त्याच्याआड गेलं होतं.

"आता चला."

आम्ही परत कट्ट्यापाशी आलो. उजव्या हाताला, उसाच्या शेंड्यांच्या वर, निनाईचं पांढरं शिखर. डाव्या हाताला, चिंचेच्या झाडांपलीकडं, भैरोबाचा कळस. मी या जागेवर चार वेळा येऊन गेले होते. चारही वेळा खाली टॅबलेटकडं बघत होते.

"दोनी शिखरं एकदम दिसत्यात आशी ही एकच जागा," बापूभाई म्हणाले. "चार पावलं हिकडं सरकलं की निनाई जाती. चार पावलं तिकडं की भैरोबा. देव घर सोडून आला तरी त्येला त्येचं घर दिसाय पायजे. न्हाईतर त्यो परत कसा जाईल?"

"बापूभाई, हे तुम्ही मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं हितं काय हाय. हितनं काय दिसतंय, आसं कुटं इचारलं?"

मला राग आला. त्यांच्यावर नाही. पंचवीस वर्षं मी जे शिकवलं त्यात हा प्रश्न नव्हता, त्याचा आला.

पवारनं यंत्र उचललं, जिथं बापूभाई उभे होते तिथं मांडलं, डोळा लावला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग मान हलवली. "खरंच की. दोन्ही पॉइंट दिसतात. असा स्पॉट शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागतो." पहिल्यांदाच त्याच्या आवाजात आदर होता. मग त्यानं नकाशा पुन्हा उघडला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, इथं कटिंग आहे."

कटिंग म्हणजे चढ कमी करायला माळच खोल कापायचा आणि रस्ता त्या खाचेतून न्यायचा.

"किती खोल?"

"आठ मीटर. ही जागा राहणारच नाही. म्हणजे..." तो हात वर करून हवेत दाखवायला लागला. "आपण आत्ता उभे आहोत ना, ते इथं वर हवेत असेल."

मी कट्ट्यावर बसले. त्या कट्ट्याचा तेवढाच एक उपयोग झाला.

तिथून सुभेदार आबांच्या घरी. त्यांनी पाणी दिलं, फॅन लावला, मग मी तोंड उघडलं.

"आबा, कट्टा काढावा लागेल."

"तुमीच म्हणला."

"हो, मीच म्हणाले. चूक माझी आहे."

"आवं, फरशी कराडास्नं आणली. फौजेतनं रिटायर झाल्याली पोरं तीन दिवस राबली उनात." त्यांचा आवाज चढला. "आन ढवळठाणला काय अडचण हाय? त्यांच्या देवाचं नाव बी टाकलंय की पाटीव. आमी दोगांसाठी केलंय!"

मी बापूभाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. पाव्हणं असण्याचं, घर दिसण्याचं. आबा ऐकत राहिले.

"मुलाणी आसं बोलला?"

"हो."

"बॉर्डरला दोन तारांच्या मधी पट्टी आसती मॅडम," ते शेवटी म्हणाले. "तितं आपुन बी काय बांदायचं नसतंय, त्यांनी बी न्हाई. दोन वर्सं मी तसल्या पट्टीव नजर ठिवून बसलोय. यवढं मला कळाय पायजे हुतं." मग उठले आणि पहार शोधायला गोठ्याकडं निघाले.

मी त्यांना थांबवलं, कारण बापूभाईंनी येताना अजून एक सांगितलं होतं. बेलखडीनं एकट्यानं पाडला तर बांधणारंही बेलखडी आणि पाडणारंही बेलखडी. जागा मग बेलखडीचीच राहिली. ही अडचण मी आबांना सांगितली तेव्हा मला वाटलं ते आता मला घराबाहेर काढणार. पण ते म्हणाले, "बराबर हाय," आणि ढवळठाणच्या अध्यक्षांना फोन लावला.

यात्रेच्या दोन दिवस आधी सकाळी दोन्ही गावं माळावर आली. घण, पहारी, पाट्या. अर्धा कट्टा यांनी फोडला, अर्धा त्यांनी. रेलिंग कापून दोन ढीग केले. ज्या गावानं जेवढा फोडला तेवढा मलबा त्या गावानं आपल्या बाजूला नेला. पाटीचा दगड मधोमध फुटला नाही, वेडावाकडा फुटला, त्यावरून थोडी बोलाचाली झाली. मग बायकांनी सिमेंटची पूड झाडली. एक म्हातारी माझ्या हातात खराटा देत म्हणाली, "घ्या बाई, तुमी बी झाडा. तुमच्यापायीच झालंय." मी झाडलं. कुठल्या गावाच्या अर्ध्यात झाडलं ते आठवत नाही.

यात्रेला मी गेले. ऊन कलल्यावर बापूभाई मोकळ्या माळावर एकटे जाऊन उभे राहिले. छत्री नव्हती, हात मोकळे. एकदा उजवीकडं बघितलं, एकदा डावीकडं, आणि पायानं अर्ध्या पावलाची जागा नीट केली. मग दोन्ही बाजूंनी हलग्यांचा आवाज आला आणि चढावरून आधी गुलाल दिसला, मग पालख्या. शेवटची काही पावलं दोन्हींकडचे भोई धावले. मला रडू आलं. ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं मार्क वाटले ती मी पहिल्यांदा बघत होते.

सोमवारी सामंत.

"मॅडम, ड्रोनच्या फोटोत कट्टा दिसत नाही."

"पाडला."

"कुणी?"

"दोन्ही गावांनी मिळून."

"म्हणजे बाधित बांधकाम आता शिल्लकच नाही?"

"बांधकाम नाही, पण जागा आहे. सामंत, मी तुम्हाला सविस्तर लिहून देते."

मी तीस पानं लिहिली. आयुष्यात इतकं मनापासून काही लिहिलं नव्हतं. दोन शिखरांच्या रेषा काढल्या, पाव्हणं नसण्याचा अर्थ लिहिला, जागा म्हणजे वस्तू नसून नातं कसं असतं ते सोप्या भाषेत मांडलं. महिन्यानं उत्तर आलं. एक ओळ. 'प्रत्यक्ष पाहणीत बांधकाम आढळले नाही. नोंद बंद.' म्हणजे आम्ही कट्टा बांधला तेव्हा जागा हलवायचं ठरलं, आणि पाडला तेव्हा ती नव्हतीच असं ठरलं. मी त्या कागदाचे तुकडे केले. मग पुन्हा प्रिंट काढून फाइलला लावला, कारण लावावाच लागतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी पवारचा फोन आला. नेहमीसारखा तुसडा.

"मॅडम, त्या माळावरून गुरं, बैलगाड्या जातात का?"

"रोज जातात. ढवळठाणची निम्मी रानं बेलखडीच्या बाजूला आहेत. का?"

"कटिंग झाल्यावर कुठून जाणार?"

"ते तुम्ही मला विचारताय?"

"माझ्या चेकलिस्टला एक कॉलम आहे. जनावरं आणि शेतरस्ता. तिथं होय लिहिलं की कटिंगच्या वरून पूल द्यावा लागतो, जुन्या जमिनीच्या लेव्हलला. पूल कुठं टाकायचा ते माझ्या हातात असतं." मग त्यानं विचारलं, "त्याचा मध्य नेमका कुठं पाहिजे?"

तीस पानांनी जे झालं नाही ते म्हशींच्या कॉलमनं होणार होतं. मला आनंद झाला आणि तेवढाच अपमानही वाटला. मी म्हणाले, "बापूभाईंना घेऊन जा. ते उभे राहतील तिथं."

पवार त्यांना घेऊन गेला. बापूभाई उभे राहिले, त्यानं त्यांच्या दोन पायांच्या मधला बिंदू घेतला आणि नकाशावर 'गुरांचा पूल' असं लिहून टाकलं. गावांची खरी नावं मी दिली नाहीत ती यासाठी.

पूल व्हायला दोन वर्षं लागली. त्या दोन चैत्रांत पालख्या भेटल्या नाहीत. देवळाच्या दारातूनच एकमेकींच्या दिशेनं ओवाळून परत आत नेल्या. दुसऱ्या वर्षी बापूभाई आजारी होते. मला भीती वाटत होती की ते पूल बघायला राहतात का.

राहिले. पूल झाल्यावरच्या यात्रेच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे वर गेलो. खालून ट्रक जात होते. बापूभाई काठी टेकत पुलावर चालत गेले आणि मधे थांबले. उजवीकडं बघितलं. डावीकडं बघितलं. पाय आपटला.

"घुमतंय खाली," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "पर दिसत्यात. दोनी दिसत्यात."

पवारनं तोंड फिरवलं आणि उगाच मोबाइल बघायला लागला.

आम्ही परत फिरलो तर पुलाच्या बेलखडीकडच्या तोंडाला ठेकेदाराचा पेंटर बसलेला. कठड्यावर पिवळा पट्टा मारून झाला होता आणि त्यावर काळ्या रंगात तो 'बेलखडी' लिहीत होता. 'बेल' लिहून झालं होतं. ढवळठाणची माणसं तिथं थबकली आणि एकमेकांकडं बघायला लागली. मी ते बघणं ओळखलं.

सुभेदार आबांनी पेंटरच्या हातातला ब्रश काढून घेतला. "कुणाचं नाव हाय हे?"

"जवळच्या गावाचं टाकत्यात आबा. पुलाला नाव लागतंय."

मला एकदम उत्तर सुचलं. अगदी साधं, सगळ्यांना पटेल असं. मी पुढं झाले. "आबा, त्यापेक्षा..."

आबांनी हात वर केला. "मॅडम, तुमी काय बी बोलू नका."

मी मागं सरले. आबांनी पवारला विचारलं, नाव नसलं तर काय हुतंय? पवार म्हणाला, नंबर टाकला तरी माझं काम भागतं. पेंटरनं 'बेल' पुसलं आणि तिथं नंबर टाकला. दुसऱ्या दिवशी त्या नंबराच्या पुलावर पालख्या भेटल्या. भांडण झालं नाही.

मी काय सुचवणार होते ते कुणी विचारलं नाही, बरं झालं. मी म्हणणार होते, दोन्ही गावांची नावं टाका. परत येताना, सांगली जवळ आल्यावर, माझ्या डोक्यात प्रकाश पडला की दोन नावं लिहायची म्हटली तर एक आधी लिहावं लागतं.